घर सहा महिने बंद राहणार असेल तर पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा का?

हो, मुख्य व्हॉल्व्ह बंदच करा, आणि मग एखादा नळ उघडून नळ्यांमधला दाब काढून टाका. मालक गावाला गेल्यावर त्यांची घरं मी सांभाळते. मला चोरापेक्षा गळतीची धास्ती जास्त. टॉयलेटच्या टाकीची साधी जोडनळी फुटली, तरी रिकाम्या घरात ते पाणी थांबवायला कोणी नसतं. गीझरचं बटण व्हॉल्व्ह बंद करण्याआधीच बंद हवं, पाण्याविना कॉइल जळते.

लोक हमखास विसरतात ती बाथरूमची जाळी. तिच्याखालच्या ट्रॅपमधलं (गटाराचा वास अडवणाऱ्या वाकड्या भागातलं) पाणी काही आठवड्यांत सुकतं आणि गटाराचा वास, झुरळं थेट घरात येतात. निघताना त्यात तांब्याभर पाणी व वर दोन चमचे खाद्यतेल ओता. तेलाच्या थराखाली पाणी सावकाश आटतं. फ्रिज रिकामा, दार किंचित उघडं.

मात्र थंडीत पाणी गोठणाऱ्या ठिकाणी नुसता व्हॉल्व्ह पुरत नाही. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, नळ्या फुटतात. तिथे सगळी लाइन रिकामी करावी लागते, आणि ते काम प्लंबरकडूनच करून घ्या.