मोर्च्यातली कवयित्री परराष्ट्र सेवेत जाऊ शकते का?

प्रिय विद्यार्थिनी,

तू बीएच्या शेवटच्या वर्षाला आहेस, कविता लिहितेस आणि एका आंदोलनात पोलिसांनी तुला ताब्यात घेतलं होतं. घानाचे कवी कोफी अवूनोर यांच्याविषयी वाचून तुला राजदूत व्हावंसं वाटतंय. बाबा म्हणतात, "आता सरकारी नोकरी विसर."

आधी बाबांची काळजी. नुसतं ताब्यात घेतल्यामुळे दार बंद होत नाही. पण निवड झाल्यावर पडताळणीच्या अर्जात अटक, गुन्हा, खटला याबद्दल विचारतात. तिथे काहीही लपवू नकोस. माहिती दडवली म्हणूनच हातची नोकरी जाऊ शकते. तुझ्यावर गुन्हा नोंदवला आहे का, हे वकिलाकडून आत्ताच तपासून घे.

आता अवूनोर. ते स्पर्धा परीक्षेतून आले नव्हते. १९७५ च्या अखेरीस, प्राध्यापक असताना, बंडाच्या कटातल्या संशयिताला मदत केल्याच्या आरोपावरून लष्करी राजवटीने त्यांना तुरुंगात टाकलं. तिथल्या कवितांचा संग्रह १९७८ मध्ये आला. १९८४ मध्ये ते ब्राझीलमध्ये राजदूत झाले, पुढे क्युबात, आणि १९९० ते १९९४ संयुक्त राष्ट्रांत घानाचे प्रतिनिधी होते. तिथे वर्णभेदविरोधी समितीचं नेतृत्व त्यांनी केलं. मात्र त्यांना ब्राझीलला पाठवणारं, घानाचे तेव्हाचे शासक रॉलिंग्ज यांचं सरकारही लष्करी होतं. तुरुंगात जाऊन आलेल्या कवीला हे कसं जमलं असेल, यावर तू नीट विचार कर. मला तो त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड भाग वाटतो.

आपल्याकडे थेट राजकीय नेमणुका क्वचितच होतात. नेहमीचा रस्ता यूपीएससीचा. मराठी साहित्य वैकल्पिक विषय म्हणून घेता येतं, तिथे तुझं वाचन कामी येईल. सेवेत गेल्यावर कविता लिहिता येतील, पण सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करता येणार नाही. परदेशात तर न पटलेलं धोरणही तुलाच समजावून सांगावं लागेल. कवी ऑक्टाव्हिओ पाझ १९६२ पासून दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते. २ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांच्याच सरकारच्या सैन्याने मेक्सिको सिटीत विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या, तेव्हा त्यांनी पद सोडलं.

तू कुठवर गप्प राहू शकशील, हे अभ्यासाला लागण्याआधी कागदावर लिहून काढ. उत्तर "फार थोडं" असं आलं, तर मानवी हक्कांची वकिली किंवा पत्रकारिता तुला जास्त मानवेल. त्यांच्या प्रवेश परीक्षांबद्दल विचारायचं असेल तर जरूर लिही.