डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरांचे आभार मानायचेत, पेढे द्यावेत की पैसे?

पैसे नकोच. सरकारी रुग्णालयात ते घेणं सेवानियमांत बसत नाही. तुम्ही प्रेमाने दिलेल्या नोटेपायी सिस्टरांच्या मागे चौकशी लागायची. पेढे चालतात, पण सकाळी दिलेला बॉक्स दुपारपर्यंत संपतो आणि रात्रभर जागलेल्यांना त्यातला एकही मिळत नाही. द्यायचेच तर दोन बॉक्स द्या, एकावर ‘रात्रपाळी’ असं लिहून.

खरं कामाला येतं ते पत्र. साध्या कागदावर चार-पाच ओळी, मेट्रनच्या (रुग्णालयातल्या सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखांच्या) नावे: वॉर्ड, खाट क्रमांक, तारीख, पाळी, सिस्टरांचं नाव आणि त्यांनी नेमकं काय केलं. ‘खूप छान सेवा’ यातून काही कळत नाही. ‘दर दोन तासांनी कूस बदलली, म्हणून आईच्या पाठीला जखम झाली नाही’ यातून कळतं. नर्सिंगचं निम्मं काम असं काहीतरी होऊ न देण्याचं असतं, म्हणून ते कुणाच्या नजरेत भरत नाही. नातेवाइकांनी ते ओळखलं, याचं बळ पुढच्या कित्येक पाळ्या पुरतं. एक प्रत वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरांना द्या. नाव ठाऊक नसेल तर तारीख आणि पाळी लिहा, ड्युटी रजिस्टरवरून नाव सापडतं. आणि हो, त्याच पत्रात वॉर्डात मदतीला असणाऱ्या मावशींचंही नाव घाला.