शब्दशंका : विडंबना कुणाची?

'आयरनी' (दिसतं एक आणि निघतं उलटं) आणि तिच्या आसपासचे मराठी शब्द, महिनाभर हा एकच गोंधळ वेगवेगळ्या पाकिटांतून येतोय, म्हणून उत्तरं एकदमच देतो.

प्रश्न : 'आयरनी' हा शब्द लोखंडावरून आला का? मुलाच्या क्लासमध्ये तसं सांगितलं.

नाही. मूळ ग्रीक. तिथल्या जुन्या प्रहसनांत अडाणीपणाचं सोंग घेणारं एक बेरकी पात्र असे, त्याच्या नावावरून. क्लासची फी परत मागा.

प्रश्न : उपरोध आणि उपहास एकच ना?

नाही. उपहासात हसणं उघड असतं. तासभर उशिरा आलेल्याला 'या, फार लवकर आलात' म्हणणं हा उपरोध. संस्कृतात मात्र उपरोध म्हणजे अडथळा. विरोध, अवरोध यांतलाच 'रुध्' धातू.

प्रश्न : आजोबांच्या श्रद्धांजलीत 'जीवनाची कसली ही विडंबना' असं लिहिलं, तर पुण्याच्या आत्या रागावल्या. आमचं काय चुकलं?

आत्यांचं काही चुकलं नाही. मराठीत विडंबना म्हणजे थट्टा, अप्रतिष्ठा. कवितेची नक्कल केली की विडंबन. संस्कृत मुळातही नक्कल आणि चेष्टाच आहे. हिंदीत चेष्टा करणारी नियती झाली आणि 'भाग्य की विडंबना' रूढ झालं. हिंदीला तो हक्क आहेच. पण आपण इंदूरकर सकाळी पोह्यांच्या गाडीवर हिंदी बोलतो आणि घरी येताना हा शब्द खिशात घालून आणतो! मोबाइलवरचं फुकट भाषांतरही तोच पुढे करतं, आणि 'शुद्ध मराठी करून मिळेल' म्हणणारे पैसे घेऊन तोच छापतात. रामबागेतल्या एका घरची तेराव्याची पत्रिका माझ्याकडे तपासायला आली ती दोनशे प्रती छापून झाल्यावर. आत 'काकांच्या जीवनाची विडंबना'. म्हणजे काकांची फजिती! मग रात्री त्यांच्याच ओटीवर बसून प्रत्येक पत्रिकेवर डिंकाने चिठ्ठी डकवली. दुःखाच्या प्रसंगी 'दैवदुर्विलास' म्हणा; हलक्या प्रसंगी 'उफराटा न्याय' पुरतो. आणि मजकूर छापखान्यात जाण्याआधी जाणत्या माणसाला दाखवा. तूर्त आत्यांना फोन करा.

प्रश्न : व्याजस्तुतीतलं व्याज बँकेचंच का?

नाही. इथे व्याज म्हणजे बहाणा. स्तुतीच्या मिषाने निंदा, किंवा उलट. बँकेच्या व्याजाचं बँकेत विचारा.

प्रश्न : वक्रोक्तीवरच्या टिपणात 'काकू' दोनदा आली आहे. छपाईची चूक?

चूक नाही, आणि तुमच्या काकूही नव्हेत. काकू म्हणजे आवाजाचा हेल. अकराव्या शतकात मम्मट या काव्यशास्त्रकाराने 'काव्यप्रकाशा'त वक्रोक्ती, म्हणजे बोललेल्यातून दुसराच अर्थ निघणं, दोन वाटांनी सांगितली, श्लेषाने (एका शब्दाच्या दोन अर्थांनी) आणि काकूने. 'तू येशीलच!' हे वाक्य एका हेलात भरवसा, दुसऱ्या हेलात टोमणा. कागदावर हेल उतरत नाही. तेव्हा शंकेचं वाक्य लिहून पाठवू नका, रविवारी दहानंतर या आणि मोठ्याने म्हणून दाखवा.