रोवणीच्या दिवसांत काय वाचावं

चि. बाबू,
आशीर्वाद.

धानाची रोवणी लागली की तुझ्या सेवा केंद्रात चिटपाखरू फिरकत नाही, आणि कोणी आलंच तर सर्व्हर नसतो, असं तू फोनवर म्हणालास. त्या वेळात कायदा, राजकारण, लढाया यांवर काय वाचू, असंही विचारलंस. स्पर्धा परीक्षेची गाईडं तुझ्या टेबलावर असतीलच, त्यांचं नाव मी घेत नाही. माझं म्हणणं एवढंच, की कागदाबद्दल लिहिलेलं वाचण्याआधी मूळ कागद वाच, आणि सुरुवात आपल्या गावापासून कर.

पहिलं वाचन तर तुझ्याच तहसिलीत पडून आहे. गावाचं निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या नकला काढ. १९६६च्या जमीन महसूल संहितेतली कलमं १६१ आणि १६५ या दोन कागदांबद्दलच आहेत. गुरं कुठे चारायची, सरपण, मुरूम, माती कोण्या अटीवर न्यायची, ते पहिल्यात. खासगी जमिनीतून वाट कोणाची, पाणी कोणाचं, मासे कोणी धरायचे, हे रिवाज दुसऱ्यात. भाषा रुक्ष आहे, शब्द फारसी वळणाचे. तरी नेटानं वाच. पानठेल्यावर ज्यावरून रोज जुंपते त्यातलं बरंचसं तिथे लिहिलेलं असतं, आणि भांडणाऱ्यांनी ते पाहिलेलं नसतं. मी रेकॉर्ड रूममध्ये होतो तेव्हा नक्कल मागायला यायचे ते बहुतेक वकीलच.

ते वाचताना मालगुजाराचं, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या जमीनदाराचं, नाव सारखं येईल. आपल्या मामा तलावांतला ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारच. मग विचार, की मालगुजारी आपल्याकडे होती आणि वर्धा नदी ओलांडली की वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून, असं का? इथून लढाईचं वाचन सुरू होतं.

२९ नोव्हेंबर १८०३. तेल्हाऱ्याजवळच्या अडगावला नागपूरकर भोसल्यांची फौज आणि इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज समोरासमोर आली. दिवस कलल्यावर लढाई सुरू झाली आणि अंधार पडेपर्यंत निकाल लागला. पुढे १५ डिसेंबरला भोसल्यांचा गाविलगड किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंह तिथेच कामी आला. लोक गोष्ट इथवर सांगतात आणि थांबतात. तू पुढचा कागद वाच. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. त्यात भोसल्यांचं कटक गेलं आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख गेला, तो निजामाकडे. ज्या गाविलगडासाठी एवढं रक्त सांडलं तो मात्र नरनाळा किल्ल्यासकट भोसल्यांकडेच राहिला! नकाशावर नदीची रेघ पडली ती अशी. ५० वर्षांनी, १८५३ साली, निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं आणि १८५४ साली नागपूरचं राज्य खालसा झालं. दोन वाटांनी आलेल्या दोन मुलखांत जमिनीची व्यवस्थाही दोन तऱ्हांची लागली. अडगावची एक संध्याकाळ तुझ्या निस्तार पत्रकापर्यंत अशी पोचते. म्हणून लढाईच्या पुस्तकात तोफा किती होत्या ते मी भरभर उलटतो आणि तहाच्या कलमांवर थांबतो.

राजकारणासाठी २८ सप्टेंबर १९५३चा नागपूर करार वाच, विदर्भानं मराठी राज्यात यावं म्हणून पुढाऱ्यांनी केलेला. छोटा आहे, एका बैठकीत होतो. हिवाळी अधिवेशन नागपूरला का भरतं ते त्यात आहे. लगेच विदर्भ-मराठवाड्याच्या विकास मंडळांबद्दलचा संविधानाचा अनुच्छेद ३७१(२) शेजारी ठेव आणि दोन्हींतली क्रियापदं ताडून बघ: ‘करील’ कुठे आहे आणि ‘करता येईल’ कुठे. विदर्भाच्या विकासाच्या अनुशेषावरची भाषणं त्यानंतर ऐक. बाबासाहेबांचं संविधान सभेतलं २५ नोव्हेंबर १९४९चं भाषण तुकड्यातुकड्यांनी तू ऐकलं असशील. ते सलग वाच.

न्यायालयाचं एकच सांगतो, आणि ते आपल्या वैनगंगेच्या पलीकडच्या काठावरचं आहे. १९७२ साली वडसा-देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठानं दोषी धरलं, १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे संमती असावी, अशी ती मांडणी. तो निकाल आधी स्वतः पूर्ण वाच. राग येईल, तरी अर्ध्यात सोडू नको. मग १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना लिहिलेलं खुलं पत्र वाच. निकालातलंच एकेक वाक्य धरून त्यांनी उत्तर दिलं आहे. त्यावरून देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला: कोठडीतल्या अशा गुन्ह्यात संमती नव्हती असं पीडितेनं सांगितलं, तर न्यायालयानं ते गृहीत धरायचं. इंग्रजी अडेल. अडू दे, शब्दकोश मोबाईलमध्ये आहेच.

कौटिल्य, शांतिपर्व वगैरे थोर आहेत, पण ते पुढच्या पावसाळ्यात. रामचंद्रपंत अमात्यांचं मराठी राज्यकारभारावरचं आज्ञापत्र मात्र आताच घे. आरमारासाठी लाकूड लागतं, तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, एखादं जीर्ण झाड घ्यायचं तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावं, असं त्यात बजावलं आहे. लढाईची तयारी सांगणारा माणूस हे लिहितो! तुझ्या निस्तार पत्रकातल्या लाकडाच्या अटींशेजारी ते ठेवून पाहा.

आज्ञापत्राची माझी प्रत कपाटात आहे. पोळ्याला येशील तेव्हा ने, पण पेनानं खुणा करू नको, शिसपेन वापर. आणि नकलेचा अर्ज उद्याच टाक. रोवणी संपली की रेकॉर्ड रूमलाही गर्दी होईल.

तुझा,
काका