माणदेशातली वेधशाळा, एफडी आणि टॉपअप लोन

नमस्कार. तुमचा मेल दोनदा वाचला. थोडक्यात तुमचं म्हणणं असं की वय 46, नोकरी पुण्यात, हातात महिना 1 लाख 35 हजार, 12 लाखांची एफडी, होम लोनचे 22 लाख बाकी, मुलगी अकरावीत. माणदेशात, म्हणजे साताऱ्याच्या माण तालुक्यात, दहिवडीजवळ गावी वडिलोपार्जित रान आहे आणि तिथे स्वतःची वेधशाळा बांधायचीय. फायबरचा डोम 6 लाख, खोली-संडास-बाथरूम 7, बोअर आणि कंपाउंड 3, मोठी दुर्बीण आणि माउंट (दुर्बीण पेलून ताऱ्यांमागे फिरवणारा स्टँड) 5, असे 21 लाख. एफडी मोडून 12 आणि होम लोनवर टॉपअप, म्हणजे त्याच लोनवर वाढीव कर्ज, 9. करू का?

21 लाखांची करू नका. पण वेधशाळा करा, आणि ती कशी ते सांगतो, कारण आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या कार्यशाळेत स्वतः आरसा घासून 8 इंची दुर्बीण बनवलेल्या तुमच्यासारख्या माणसाला "छंदावर कशाला पैसे घालवता" असं सांगणारा मी नाही.

आधी आकडे. 9 लाखांचं टॉपअप 9 टक्क्यांनी 10 वर्षं धरलं तर हप्ता 11,400 च्या आसपास, म्हणजे नुसतं व्याजच पावणेपाच लाखांच्या जवळ जातं. एफडी मोडली की वर्षाचं 84 हजार व्याज बंद (7 टक्के धरून, करापूर्वी). टॉपअपचं पहिल्या वर्षाचं व्याज साधारण 79 हजार. हे झाले 1 लाख 63 हजार, वर्षाला. आता रात्री मोजा. जून ते सप्टेंबर पावसाळा, ऑक्टोबरचाही भरवसा नाही, राहिल्या सात-आठ अमावस्या, त्यांच्या आसपासचे शनिवार-रविवार, त्यातला एखादा लग्नात जाणार, एखादा मुलीच्या परीक्षेत, एखाद्या वेळी ढग. 12 रात्री मिळाल्या तरी भरपूर. म्हणजे एका रात्रीला साडेतेरा हजार, आणि यात पेट्रोल नाही, रखवालदार नाही, दुर्बिणीची घसरत जाणारी किंमत पण नाही.

दुसरं म्हणजे ती 12 लाखांची एफडी मोकळी नाहीच हो. तुमचा महिन्याचा खर्च हप्त्यासकट 80 हजार, सहा महिन्यांची सोय म्हणजे 5 लाख त्यातच अडकलेत, आणि दोन वर्षांनी मुलीची पहिली फी उरलेल्यातूनच जाणार. म्युच्युअल फंडातले 31 लाख आहेत म्हणाल, पण मार्केट पडलेलं असताना फीसाठी युनिट विकायची वेळ येऊ नये म्हणून तर एफडी ठेवतात ना.

आणि आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट. तुम्ही 21 लाख ज्याच्यावर लावताय तो अंधार तुमच्या मालकीचा नाही. पेंचच्या व्याघ्र प्रकल्पात 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचं अंधारं आकाश जपायला राखलेला भाग) जाहीर झालं, तिथे अंधार जपायला वनखातं आहे. तुमच्या शिवारातला अंधार कोण जपणार? उद्या वेशीवर हायमास्ट लागला, शेजारच्या रानात पोल्ट्री आली आणि रात्रभर हॅलोजन चालू राहिला, तर कुणाला नाही म्हणता येणार नाही आणि म्हणूही नये, गावालाही उजेड हवाच असतो. म्हणून माझा सरळ हिशोब असा, की जे उचलून दुसरीकडे नेता येतं त्यात पैसे घाला, जे मातीत गाडलं जातं त्यात कमीत कमी. दुर्बीण आणि माउंट जुने झाले तरी गिऱ्हाईक मिळतं. माणदेशात उभा केलेला डोम कोण विकत घेणार?

डोमचा मोह कळतो मला, पण तुमच्या कामाला तो लागतही नाही. डोम वारा अडवतो, पण आपल्याकडे वाऱ्याचा खरा जोर आषाढ-श्रावणात आणि तेव्हा आभाळच भरलेलं असतं. त्यापेक्षा 10 बाय 10 ची शेड करा, वरचा पत्रा रुळावर सरकणारा. गावातला फॅब्रिकेटर चॅनेल आणि बेअरिंगची चाकं लावून करून देईल, माझ्या अंदाजाने दीड-दोन लाखांत, कोटेशन घेऊन बघा. संध्याकाळी पत्रा सरकवला की आतली गरम हवा लगेच निघून जाते आणि अख्खं आकाश मोकळं मिळतं. फक्त दुर्बिणीचा काँक्रीटचा पिलर शेडच्या कोब्यापासून वेगळा ठेवायला गवंड्याला बजावून सांगा, नाहीतर कुणी दोन पावलं चाललं तरी प्रतिमा हलते. जागा ठरवताना दक्षिणेला टेकडी किंवा झाडं येणार नाहीत असं बघा, तुमच्या गावाहून ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा भलामोठा गुच्छ जेमतेम 25 अंश वर येतो, एप्रिल-मेच्या रात्री तो हुकला तर जीव हळहळेल.

पण शेडच्याही आधी सातबारा! तो अजून वडील आणि दोन चुलत्यांच्या नावावर सामाईक आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय, माझ्या दृष्टीने मेलमधली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. वाटणी होऊन फेरफार होईपर्यंत एकही वीट नको. आज सगळ्यांचं छान जमतंय हे मान्य, पण बांधकाम उभं राहिलं की नेमका तोच तुकडा कुणाच्या वाट्याला जायचा यावरून घरं फुटलेली मी बघितलीत.

खगोल पर्यटनातून लोनचा हप्ता निघेल असं लिहिलंय, ते गणितात धरूच नका. त्याच 12 रात्री स्वतः बघायच्या की पाहुण्यांना दाखवायच्या? शिवाय त्यासाठी जमीन एनए (बिगरशेती) करायला गेलात तर ग्रामीण शेतजमीन विकताना भांडवली नफ्याच्या करातून जी सूट मिळते ती जाऊ शकते.

वीज शेतीपंपाच्या कनेक्शनवरून घेऊ नका, एकतर ते नियमात बसत नाही आणि पाळीची वीज रात्री असेलच असं नाही. माउंट, लॅपटॉप आणि दव पडू नये म्हणून लावायचा हीटर एवढंच तर चालवायचंय, सोलर पॅनेल आणि एका मोठ्या बॅटरीवर भागतं. पावसाळ्यात दुर्बीण पुण्यात आणून सिलिका जेल टाकलेल्या हवाबंद पेटीत ठेवा, आरशाला बुरशी लागली की तुमच्या हाताची सगळी मेहनत गेली. खोली-बाथरूम कशाला, चुलत्यांचं घर आहे की गावात.

तर येत्या हिवाळ्यात काहीच बांधू नका. एसक्यूएम मीटर घ्या (आकाश किती अंधारं आहे ते मोजणारं छोटं यंत्र, आकडा जितका मोठा तितका अंधार जास्त), आहे ती 8 इंची दुर्बीण गाडीत टाका आणि चार अमावस्या रानात काढा, वहिनी आणि मुलगी येत असतील तर उत्तमच. शहरात तो मीटर 18 च्या आसपास दाखवतो, गावी 21.5 च्या वर आला तर जागा सोन्यासारखी आहे. टॉपअपचा जो हप्ता भरणार होतात ते 11,400 दर महिन्याला आरडीत टाका, दोन वर्षांत 2 लाख 90 हजारांच्या पुढे जातील, शेड आणि सोलर त्यात बसेल, कर्ज नाही, एफडीला हात नाही. मोठ्या दुर्बिणीचे 5 लाख मुलीची दुसऱ्या वर्षाची फी भरून झाल्यावर बघू.

चुलत्यांशी बोलणं झालं की कळवा, आणि मीटरचे आकडेही पाठवा.