टाके घालून झाले, पुढं काय?

ताई, तुमचा भाऊ पिऊन गाडीवरून पडला, कपाळाला सात टाके पडले आणि रात्री दोनला 'परवा ड्रेसिंगला या' एवढं सांगून घरी पाठवलं, असं तुम्ही लिहिलंय. महिन्यात ही दुसरी खेप. आता थेट व्यसनमुक्ती केंद्रात टाकायचं का, हा तुमचा प्रश्न.

कोल्हापुरात कॅज्युअल्टीला मी बारा वर्षं ब्रदर म्हणून काढली. शनिवारी रात्री तिथं काय असतं ते सांगतो. एकाच टेबलावर टाके, बाजूला एमएलसीचे, म्हणजे पोलिस केसचे कागद, बाहेर नातेवाइकांचा कालवा. त्या गडबडीत 'रोज किती घेतोस?' हे कुणी विचारत नाही. मीही कित्येकदा विचारलं नाही.

केंद्राचं नंतर बघू. आधी हे सांगा, भाऊ रोज घेतो का? सकाळी उठल्या उठल्या लागते का? तसं असेल तर त्याला खोलीत कोंडून दारू बंद करू नका. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो. चादरीवरून नसलेले किडे झटकणारा माणूस मी पाहिलाय. घरच्यांना वाटलं बाहेरची बाधा, ते अंगारा लावत बसले. यात जीव जातो. असं काही दिसलं तर रात्र असो की पहाट, 108 ला फोन करून दवाखाना गाठा. डोक्याला मार आहे, त्यामुळं उलट्या किंवा गुंगी आली तर 'उतरली नसेल अजून' म्हणून थांबू नका.

परवाचं ड्रेसिंग वाया घालवू नका. पडल्यानंतरचे दोन-चार दिवस माणूस ऐकायच्या मनःस्थितीत असतो, जखम भरली की विसरतो. तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा, 'रोजची दारू आहे, मानसोपचारला रेफरन्स लिहून द्या.' आपल्याकडं कोल्हापुरात दसरा चौकाजवळ सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे. सकाळीच केस पेपर काढा. आणि चिठ्ठी त्याच्या खिशात देऊन मोकळं होऊ नका, सोबत जा. चिठ्ठ्या गेटबाहेरच्या टपरीपर्यंतसुद्धा पोचत नाहीत.

माझ्या अनुभवाला आधारही आहे. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी इमर्जन्सीत आलेल्या 329 अफूवर्गीय व्यसनींवर अभ्यास केला, 2015 साली छापून आला. नुसता पत्ता दिलेल्यांपैकी महिन्यानं 37 टक्के उपचारात होते, थोडं बोलून फोन लावून दिलेल्यांपैकी 45, आणि तिथंच औषध सुरू करून पुढची भेट ठरवून दिलेल्यांपैकी 78. दारूचं औषध वेगळं, आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण दारातच धागा जोडायचा, हे आपल्यालाही लागू आहे.

कागलच्या एमआयडीसीतला एक फिटर आठवतो. तळहाताला टाके घालताना म्हणाला, 'ब्रदर, पाना धरला की हात हलतो, मालक बघतोय.' बायकोचं नाही, पोरांचं नाही, त्याला पान्याचं दुःख. दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर मीच त्याला ओपीडीच्या बाकावर नेऊन बसवलं. दोन महिन्यांनी पुन्हा पिऊन आला. परत नेला. तिसऱ्या खेपेला टिकला. तुमच्या भावाचा 'पाना' काय आहे ते शोधा. लेक्चर देऊ नका, 'तुला यात काय नको वाटतंय?' एवढंच विचारा आणि गप्प बसा.

भाजीतून गोळी घालून दारू सोडवायच्या जाहिराती येतात, त्या नादाला लागू नका. डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध, ते न सांगता दिलं आणि त्यावर माणूस प्यायला तर बीपी पडून प्रकरण अंगाशी येतं.

केंद्राचं म्हणाल तर दाखल करावं की ओपीडीत भागेल, हे मानसोपचारतज्ज्ञाला ठरवू दे. कुलूप लावून मारहाण करणारी ठिकाणंही आहेत. आधी आत जाऊन बघा, डॉक्टर कधी येतात ते विचारा. तोवर बोलायला 14446 ही सरकारी व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, घरच्यांनीही लावली तरी चालते.

परवा ड्रेसिंगला निघायच्या आधी तो शेवटची कधी प्याला, ती वेळ कागदावर लिहून न्या. डॉक्टर पहिलं तेच विचारतील.