टोनचा नॉब खाली आणला की आवाजच गायब

प्रश्न: सर नमस्कार, मी परभणीचा, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. गिटार सेकंडहँड घेतलेली, पॅसिव्ह आहे, बॅटरी-बिटरी काही नाही. टोनचा नॉब खरखर करायला लागला म्हणून इथल्या एका रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याला दाखवला, त्यानं नॉबखालचा पॉट साफ केला आन् त्याला जोडलेला कॅपॅसिटरपण बदलून दिला. तवापासून नॉब दहावर असला की ठीक, पण दोनच्या खाली नेला की टोन जाड व्हायचं सोडून आवाजच बसायलाय. मित्र म्हणतो ऑइलवाला कॅपॅसिटर मागव, दोन-अडीच हजाराला येतो, त्यानं बेस वाढतो. घेऊ का?

उत्तर: पैसे खिशातच राहू द्या. आधी गिटारचं मागचं झाकण उघडा (पुढं प्लेट असेल तर ती काढा) आन् नवीन कॅपॅसिटरवर काय छापलंय ते बघा. माझा अंदाज, 475 दिसेल. पाहिजे होता 473. शेवटचा आकडा म्हणजे पुढं किती शून्य, पिकोफॅरडमध्ये, म्हणजे 473 झाला 47 नॅनो आन् 475 झाला 4.7 मायक्रो, बरोबर शंभर पट. दुकानदारानं डब्यातला हाताला लागला तो ठोकला असणार, त्याचा रोजचा संबंध टीव्हीशी, गिटारशी नाही.

आता शंभर पटीनं काय बिघडतं. ज्वारी चाळताना बारीक चुरी खाली पडते, टपोरे दाणे वर राहतात, कॅपॅसिटर म्हणजे तीच चाळणी, बारीक आवाज खाली अर्थला सोडून देतो आन् जाड आवाज ॲम्पकडं जातो. व्हॅल्यू जितकी मोठी तितकी भोकं मोठी. तुमच्या चाळणीतून दाणेपण खाली चाललेत. पिकअपची (तारांचा आवाज पकडतो तो) कॉइल 5 हेन्री धरून हिशोब केला तर नॉब शून्यावर असताना 47 नॅनोला साधारण 330 हर्ट्झच्या वरचं उतरायला लागतं, 22 नॅनोला 480 च्या वरचं, आन् तुमच्या 4.7 मायक्रोला 33 च्या वरचं! सगळ्यात जाड मोकळी ई तारच 41 हर्ट्झची, मग उरलं काय. आन् पॉट म्हणजे चाळणीकडं जायची वाट, दहावर असला की ती जवळपास बंद, म्हणून तिथं कुठलाबी कॅपॅसिटर असला तरी तुम्हाला फरक कळला नाही.

ऑइलच्या गोष्टीत पडू नका. पॅसिव्ह टोन काहीच वाढवत नाही, फक्त वरचं कापतो, कापलं की उरलेला बेस जास्त वाटतो इतकंच. कागद, तेल, सिरॅमिक, मोजून व्हॅल्यू सारखी असेल तर फरक तुमच्या कानाला कळणार नाही, मांडवात जनरेटर चालू असताना तर नाहीच नाही. हिरवा पॉलिएस्टरवाला 2A473J मागा, 2A म्हणजे 100 व्होल्ट (पिकअपमधून एवढं कधीच येत नाही, निवांत राहा) आन् J म्हणजे पाच टक्के इकडं-तिकडं. चहाच्या पैशात येतो. अजून जाड पाहिजे असेल तर 104, म्हणजे 100 नॅनो, फेंडरच्या सुरुवातीच्या प्रिसिजन बेसमध्ये तसलेच असायचे.

पॉटवरचा आकडापण बघून घ्या, 250 के (किलो-ओहम) पाहिजे, शक्यतो A, म्हणजे ऑडिओ टेपर, लिहिलेला. मी एकदा हौसेनं ॲक्टिव्ह (बॅटरीवाल्या) गिटारमधला 25 के चा बसवला होता, सगळा आवाज घोंगडीखाली गेल्यासारखा, दोन प्रोग्राम तसेच वाजवले आन् ॲम्पला शिव्या देत बसलो.

स्टेजवर दहा मीटरची वायर वापरत असाल तर तीपण साधारण एक नॅनोचा कॅपॅसिटरच आहे बरं का, नॉब दहावर असला तरी वरची धार थोडी खातेच. आन् जाड आवाज म्हणजे टोन बंद असंबी काही नाही, अमेरिकेचे नावाजलेले बेसवादक जेम्स जेमर्सन टोन पूर्ण उघडा ठेवून वाजवायचे, जाडी यायची ती फ्लॅटवाउंड (वरून गुळगुळीत) तारांतून, ब्रिजच्या (तारा खाली टेकतात ती पट्टी) झाकणाखालच्या फोममधून आन् त्यांच्या एका बोटातून. म्हणून 473 बसवल्यावर एकदा तारापण बदलून बघा.

बदलताना ब्रिजकडं गेलेली अर्थची वायर ओढू नका, ती तुटली की तारांना हात लावला तरी हम (ॲम्पमधली घूं-घूं) जाणार नाही, आन् परत त्याच दुकानात जावं लागंल.